पातं की जेल

४ नोव्हेंबर, राहाता

एकदाची पाटी लागली! 'पायाच्या जुनाट जखमांचा विभाग.' पाटी भलीमोठी, विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं, सविता सिस्टर आणि मी. काल सावेडीच्या घरून निघताना सुमंत म्हणाला, "तुझा आवाज असला की खोली आपोआप भरते." नवरा आहे म्हणून सोडला.

शुगरवाल्यांच्या पायाला जखम झाली की तिच्यावर मेलेल्या कातडीचा थर साचत जातो. तो काढल्याशिवाय खालून नवं मांस धरत नाही, यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत. काढायचा कसा, यावर मात्र सगळे भांडतात. पात्याने खरवडायचा, की वर जेल लावून तो हळूहळू मऊ होऊन सुटू द्यायचा? मी सर्जन आहे, माझं मत पात्याच्या बाजूचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. जेल हे भित्र्यांचं औषध. पण नुसत्या मतावर भागत नाही, म्हणून दवाखान्याच्या समितीची परवानगी काढून रीतसर तुलना मांडली आहे. तळव्यावरच्या, साधारण सारख्याच जखमा घ्यायच्या. कुणाला पातं आणि कुणाला जेल ते चिठ्ठी ठरवेल. बाकी सगळं सारखं. गादीची चप्पल तीच, पट्टी तीच, आणि ताकीदही तीच: पट्टी घरी उघडायची नाही, ती इथेच उघडेल.

पहिली पात्याची चिठ्ठी निघाली पुणतांब्याच्या गोरक्षभाऊंना. पेरूची बाग आहे, गावातल्या सोसायटीचे चेअरमन होते. मुलगा अंगद आणि गाडीभर माणसं घेऊन आले. डाव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडलाय. खडा रुतून बसला होता आणि यांना पत्ताच नाही, कारण पाय बधिर. दुखत नाही हेच यांचं खरं दुखणं. नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात अर्धा पाय काढायला सांगितलाय.

"अर्ध्या पायानं बागंत काय लंगडी खेळू का, मॅडम?" ते म्हणाले.

"पाय वाचवते," मी म्हणाले. सविताने माझ्याकडे बघितलं. बघू दे. वाचवणारच.

जेलची चिठ्ठी चांगुणाबाईंना. राहात्यातच एका गल्लीत एकट्या राहतात. "पातं न्हाई ना? मग लावा काय लावायचं ते, आन् हात आवरा लवकर. शेरडं बांधून आले."

१४ नोव्हेंबर

गोरक्षभाऊंची जखम पात्याने अशी स्वच्छ केली की स्वतःचंच कौतुक वाटलं. कडा मोकळ्या, तळ लालबुंद. ते आपले टेबलावर पडून सोसायटीच्या निवडणुकीच्या गोष्टी सांगत होते. बाहेर बाकावर त्यांचीच माणसं, कुणी मेहुणे, कुणी व्याही. काय गोतावळा आहे! या माणसाला एकटं कधी राहावंच लागत नसेल. बायको मात्र एकदाही आली नाही. अंगदला विचारलं, तर म्हणाला, "आई घरीच आस्ती." असते बुवा. प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी.

चांगुणाबाई आल्या, पट्टी बदलली, गेल्या. कोणी सोबत नाही. नळाच्या पाण्यावरून सगळ्या गल्लीशी भांडण आहे म्हणे. मला वाईट वाटलं.

२० नोव्हेंबर

बँकेत गेले होते, तर कॅशियर म्हणतो, "मॅडम, गोरक्षभाऊंची जखम आता कडेनं पांढरी पडायला लागलीय ना?"

मी उडालेच! पांढरी पडलीय हे मी कालच बघितलं होतं. आमचा विभाग अजून महिन्याचाही नाही आणि तालुक्यात आमच्या कामाची इतकी बारीक चर्चा! सुमंतला फोन करून सांगितलं. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्याला कशाचंही कौतुक पटकन होत नाही. तो म्हणाला, "कॅशियरला कसं कळलं पण?" म्हटलं, चांगलं काम लपत नाही. तो हसला. कुजका.

२७ नोव्हेंबर

जेलवाली जखम भरतेय. भरू दे, मला काय! चांगुणाबाईंचा खड्डा निम्म्यावर आलाय. त्या म्हणतात, "मी सांगितलं हुतं, कापाकापीत काय राम न्हाई."

गोरक्षभाऊंची अडलीय. दर खेपेला मी स्वच्छ करून देते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा ओलसर, मळकट. आज कडेला पिवळा रंग होता. पू म्हणावा तर वास नाही. तपासायला पाठवलंय. एक गोष्ट मात्र चांगली: सविताची पट्टी आता फार सुबक यायला लागलीय. आज गोरक्षभाऊंच्या पायावरची आदल्या खेपेची गाठ बघून मी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ती नुसती बघत राहिली. सवय नसते बिचाऱ्यांना कौतुकाची.

१ डिसेंबर, सावेडी

सुट्टी घेऊन घरी आले. जेवताना सुमंतला आकडे सांगितले. फक्त हे दोघेच नाहीत, पात्याच्या गटातले निम्मे रेंगाळलेत. तो म्हणाला, "दोन खेपांच्या मध्ये घरी काय होतं?"

"घरी काय होणार? पट्टी असते पायावर."

"तू बघितलंस?"

आता मी काय सगळ्यांच्या घरी जाऊन बसू? भांडलेच त्याच्याशी. मग आमटी गरम करून वाढली, कारण चूक त्याची असली तरी आमटी गार झाली होती.

मनात मात्र किडा वळवळतोय. पातं हुकतंय का? दहा वर्षं ज्याच्या जिवावर मी सर्जन म्हणवून घेतेय ते हुकतंय? नाही, मला नाही पटत.

५ डिसेंबर

चांगुणाबाईंच्या जाऊबाई गल्लीच्या तोंडाशी राहतात, आज आमच्याकडे रक्तदाब तपासायला आल्या होत्या. संधी साधून म्हटलं, "अहो, भांडण असेल, पण बाई एकटी आहे, पाय असा. एकदा जाऊन तरी बघा." त्या आधी फुरंगटल्या, मग म्हणाल्या, "तुमी म्हनताय म्हनून जाते." संध्याकाळपर्यंत फार छान वाटत राहिलं. डॉक्टरकी नुसत्या जखमेची नसते.

१६ डिसेंबर

कमालच झाली. चांगुणाबाईंचीही जखम बिघडली! भरत आलेला खड्डा पुन्हा चिकट झालाय, कडा सुजल्यात. म्हणजे जेलही हुकली. बाई मात्र मजेत. जाऊ रोज येते, तिच्या मागोमाग गल्लीतल्या सगळ्या जणी येऊ लागल्यात, नळाचं भांडण मिटलं. मी म्हटलं, "बरं झालं, आता पायाकडे बघा." तर म्हणाल्या, "बघतच हाय की समदी."

गोरक्षभाऊंना ताप. पाय घोट्यापर्यंत लाल. दाखल करून घेतलं, सलाईनमधून औषधं सुरू. नाडी चांगली लागतेय, रक्त पोहोचतंय, हाड अजून शाबूत आहे. एवढाच काय तो आधार.

२३ डिसेंबर

गंमत म्हणजे दवाखान्यात असताना आठवडाभरात जखम सुधारली. ताप गेला, सूज उतरली. म्हटलं, बघा, औषध लागू पडलं. इथे आम्ही एकाच नातेवाइकाला आत सोडतो, त्यामुळे बिचारे कंटाळून गेले होते. आज घरी सोडलं.

३ जानेवारी

पुन्हा तेच. मळकट, ओली, कडेला पिवळं, आणि तपासणीत त्या पिवळ्याचा काही उलगडा नाही. मला रडू आलं. खरंच आलं. सविता बाहेर गेल्यावर हात धुण्याच्या बेसिनपाशी उभी राहून रडले.

अंगद आता स्पष्टच बोलला. "मॅडम, तुमी जीव लावला, आमी बघतो ना. पर आता नाशिकला न्हेतो. अर्धा तर अर्धा. उशीर झाला तर गुडघ्यापास्नं जाईल."

चुकीचं काहीच बोलत नाहीये तो. संध्याकाळभर विचार करून ठरवलं, की निदान मी स्वतः जाऊन सांगेन. 'वाचवते' मी म्हणाले होते, तेव्हा 'नाही वाचला' हेही मीच म्हणायचं. फोनवर नाही, तोंडावर.

५ जानेवारी

आजच्या आज लिहिलंच पाहिजे.

न सांगता गेले. पुणतांब्याच्या अलीकडे बागेतच घर आहे. अंगणात तीन मोटारसायकली आणि एक जीप.  काही बरंवाईट झालं की काय! धावत ओटा चढले.

आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या. पाव्हणे चहाची बशी हातात धरून बसलेले. मध्ये गोरक्षभाऊ, समोरच्या स्टुलावर त्यांचा डावा पाय, आणि मी परवा बांधलेली पट्टी उलगडून मांडीवर लोळतेय! एक गृहस्थ मोबाईलचा उजेड पाडून वाकून बघत होते. एक मावशी फुंकर घालत होत्या. "खोली लई हाय ओ," उजेडवाले म्हणाले. "कडंला बारीक हळद दाबत जा." आणि चिमूट सोडून त्यांनी दाबलीसुद्धा!

गोरक्षभाऊंनी मला बघितलं आणि तोंडभर हसले. "या या, डॉक्टरीणबाई! आरं, खुर्ची द्या! ह्याच त्या! बगा, आमच्या मॅडम आल्या!"

मी किंचाळले. काय काय बोलले ते आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही. मावशी भिंतीला टेकल्या. उजेडवाल्यांनी मोबाईल खिशात घातला. मी म्हटलं, "सांगितलं होतं ना, उघडायची नाही म्हणून!"

"कुटं उघडतो?" गोरक्षभाऊंना मनापासून नवल वाटलं होतं. "आमी आपल्या हातानं कवाच उघडली न्हाई. पाव्हनं आलं तर तेवडी दावतो."

"रोज?"

"रोज कुटं? येत्यात तवाच."

"आणि रोज येतात!"

"येनार न्हाईत तर! मानूस कोपरगावास्नं येतं, श्रीरामपुरास्नं येतं, सफरचंदं घेऊन. त्येला काय बांधलेला पाय दावू? घरी जाऊन काय सांगंल त्यो, फडकं बघून आलो? आन् परत बांदायला शेजारची यमुनाबाई हाय, तिचा हात लई हलका." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हन्यांफुडं आवाज चढवू नका, मॅडम. तुमाला शोभत न्हाई."

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कॅशियरला पांढरी कड कुठून कळली, सुबक गाठ कुणाची, पिवळं काय, सगळं एकदम लक्षात आलं. मी सविताला शाबासकी दिली होती यमुनाबाईच्या गाठीबद्दल. आणि चांगुणाबाईंची भरत आलेली जखम! बाईंकडे पाव्हणे मी पाठवले, स्वतः, पुण्य लागल्यासारखं वाटून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी मी दोन महिने पात्यावर खटला चालवत होते.

माझी तुलना बरोबर होती, पण मी पातं आणि जेल यांची तुलना करतच नव्हते. ज्याच्याकडे माणसं जास्त, त्याची जखम वाईट, एवढंच माझे आकडे सांगत होते. सुमंतला हे कळवायला फोन करावा लागणार. तो 'मी म्हटलं होतं' असं म्हणणार नाही, नुसता गप्प राहील, ते जास्त वाईट.

मुक्ताबाई चहा घेऊन आल्या. गोरक्षभाऊंची बायको, त्यांना मी आज पहिल्यांदा बघितलं. पदराला पीठ, कपाळावर घाम. मी जरा चिडूनच विचारलं, "तुम्ही तरी थांबवायचं ना?"

"मला कोन इचारतं? मी च्याला उभी." मग दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "मॅडम, लई मोठी हाय का ओ?"

इतके महिने त्याच घरात राहते आणि मला विचारते, मोठी आहे का! तुटकच वाटल्या मला. मी म्हटलं, "आहे." आतून कोणीतरी "दोन कप अजून" अशी हाक मारली आणि त्या गेल्या.

पाय काढायचं बोलायला गेले होते, ते बोललेच नाही. अंगदला जीपपाशी गाठलं. "मला एक संधी दे. या वेळी मला माहितीय चोर कोण आहे." तो बराच वेळ चप्पलने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "पाव्हन्यांला या नगं म्हनायला लावू नका. त्ये व्हनार न्हाई."

"नाही लावणार," मी म्हटलं. आणि गाडीत बसता बसता उत्तर सापडलं.

७ जानेवारी

पलस्तर! गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत, अंगाबरोबर बसणारं. तळव्याच्या जखमेवरचा भार त्याने कमी होतो, हे पुस्तकातही आहे. पण ते यमुनाबाईच्या हलक्या हाताला उघडत नाही, हे कुठल्या पुस्तकात आहे?

आधी पुन्हा दाखल केलं, संसर्ग पूर्ण आटोक्यात येईपर्यंत घरी सोडणार नाही. दर आठवड्याला पलस्तर इथेच कापायचं, पात्याने साफ करायची, नवं चढवायचं. चांगुणाबाईंना तेच, पण जेलसह. त्या फणकारल्या, "तुमीच धाडली जावेला. आल्याल्या मानसाला काय दावू मग, भित?" मी म्हटलं, "पलस्तर दाखवा." समितीला कळवलं, जुने आकडे बाद. तुलना पहिल्यापासून, सगळ्यांना पलस्तर घालून.

नंतर सुमंतला फोन केला. गप्प राहिला. मग म्हणाला, "पुन्हा सुरू करतेयस?" म्हटलं, "मग काय! पातंच जिंकणार आहे." तो मोठ्याने हसला, आणि मला एकदम घरी जावंसं वाटलं.

१८ जानेवारी

पाव्हणे येतात आणि पलस्तरावर टिचक्या मारून बघतात, असं अंगद सांगतो. "आत काय चाललंय, कळत न्हाई," अशी तक्रार आहे. गोरक्षभाऊ म्हणाले, "मॅडम, मजा गेली. आता बोलायला इषयच न्हाई." पहिलं पलस्तर कापलं, तळ लाल, कोरडी कड. मी काही बोलले नाही. दृष्ट लागेल.

२ फेब्रुवारी

चांगुणाबाईंची बंद झाली! त्यांनी पेढे न देता शेरडीचं दूध दिलं, प्लॅस्टिकच्या बाटलीत. गोरक्षभाऊंची शेंगदाण्याएवढी उरलीय. म्हणजे आत्तापर्यंत पातं आणि जेल दोन्ही सारखीच निघतायत. थोडं जिवाला लागलं, पण अजून बरेच पेशंट बाकी आहेत. बघू या.

१६ फेब्रुवारी

आज शेवटचं पलस्तर कापायचं होतं. पाव्हण्यांचा गोतावळा हल्ली आटलाय, बघायला काही नसलं की माणसं कामाला लागतात. गोरक्षभाऊंबरोबर आज एकटा अंगद असेल असं मला वाटलं होतं. दारात मुक्ताबाई होत्या. नवं लुगडं, हातात काही नाही.

"घरी च्याला कोनी न्हाई आता," त्या म्हणाल्या. "म्हनून आले."

सविताने करवत चालवली, कवच दोन्ही बाजूंना उघडलं. मी कापूस बाजूला केला. तळवा. अंगठ्याच्या मुळाशी गुलाबी, नाजूक, बंद कातडी. खड्डा नाही. पाय अख्खा. मी नखाने हलकेच दाबून बघितलं, पुन्हा बघितलं. मग मान वर केली, आणि हसले. गोरक्षभाऊ डोळे पुसत म्हणाले, "आता जरा फोटो काढा रं. समद्यांला धाडू." अंगदने मोबाईल काढला.

"थांबा," मुक्ताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण मोबाईल खाली गेला. "मला बघू द्या आधी."

"तुला काय नवीन हाय त्यात?" गोरक्षभाऊ म्हणाले.

"मी बघितलीच न्हाई ओ कवा. समदी बघायची तवा मी आत हुते. झोपताना बांदलेली आसायची."

 ओट्यावरचा त्यांचा प्रश्न मला आठवला आणि लाजेनं कान तापले. मुक्ताबाई स्टूल ओढून बसल्या, नवऱ्याचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी तळवा आपल्याकडे वळवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग तळव्यावरून बोट फिरवत माझ्याकडे वळून विचारलं, "हितं हुती का, मॅडम?"

मी त्यांचं बोट धरलं आणि थोडं अलीकडे नेऊन ठेवलं.

"इथे," मी म्हटलं.